झाकलं की गप होतात

लग्न होऊन मी मळ्यात आले, तेव्हा संध्याकाळ झाली की घरात एकच प्रश्न फिरायचा, "कोंबड्या झाकल्या का?" देवापाशी दिवा लागला का, हे त्यानंतर. झाकायचं म्हणजे बांबूचं मोठं डालं कोंबड्यांवर उपडं घालायचं, वरून गोणपाट टाकायचं आणि कडेला दगड ठेवायचा. पिल्लांच्या आया आणि म्हाताऱ्या कोंबड्या अशा झाकल्या जायच्या. बाकीच्या दांडग्या विहिरीजवळच्या कडुलिंबावर उडून बसायच्या. डालं पडलं की आतला कलकलाट हळूहळू थांबायचा. मग सासूबाई हात झटकत म्हणायच्या, "झाकलं की गप होतात. अंधार दिसला का कोंबडी सुखी."

माझ्या माहेरी, पिंपळगाव बसवंतला, द्राक्षाची बाग होती, पण कोंबड्या नव्हत्या. त्यामुळे कोंबडीचं सुख कशात असतं यावर माझं काही मत नव्हतं. सासूबाईंचं होतं. त्या पंचवटीच्या बाजारात भाजी आणि झेंडू विकायच्या, आणि बाजारात बसणाऱ्या बाईचं मत खोडून काढायला मोठी छाती लागते. मी त्यांना आत्या म्हणायचे. त्यांच्या कोंबड्या त्यांच्या माहेरच्या. पहिल्या दिवाळसणाला त्यांच्या आईनं त्यांच्याबरोबर एक तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, दिली होती आणि पुढचा सगळा कळप त्या तलंगेचा, असं त्या ज्याला त्याला सांगायच्या. त्या कळपातल्या नरांची एक खोड होती. बांग द्यायला लागले की आवाज वर वर जायचा आणि शेवटी मधेच तुटायचा, दोर कापल्यासारखा. बाप तसा, मुलगा तसा, नातू तसा. आत्या म्हणायच्या, "आमच्या माहेरचं हाय ते."

मला स्वतःला काळजीचा रोग आहे. दूध उतू जायच्या आधीच मी ओरडते, आणि अवेळी दार वाजलं की मला पहिल्यांदा अपघातच आठवतो. त्या वर्षांत दिल्लीत सरकारं पडत होती आणि बातम्यांत रोज 'काळजीवाहू सरकार' हा शब्द यायचा. आमच्या ह्यांनी तो उचलला आणि मला चिकटवला. सातपूरच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आले की फाटकातूनच विचारायचे, "काय काळजीवाहू सरकार, आज कशाची काळजी?" सगळे हसायचे. मीही हसायचे, पण काळजी करायची थांबायचे नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात बायकांसाठी एक शिबिर झालं. दोन भाषणं, चहा-बिस्किटं आणि शेवटी सुधारित जातीची पिल्लं. दिसायला गावरानसारखीच रंगीत, उकिरड्यावर मोकळी फिरून पोट भरणारी, पण अंगानं भरदार आणि अंड्यांना जास्त चांगली, असं सांगितलं होतं. एका दिवसाची पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दिली आणि मी ते खोकं मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. भोकांतून चिवचिव येत होती तोवर माझा जीव थाऱ्यावर होता. जरा आवाज कमी झाला की मी खोक्याला टिचकी मारायचे, आत चिवचिवाट उसळायचा आणि मी श्वास सोडायचे. शेजारची बाई वैतागून म्हणाली, "अहो, झोपू द्या ना त्यांना." झोपलेलं पिल्लू आणि मेलेलं पिल्लू बाहेरून ओळखायचं कसं, ते मात्र तिनं सांगितलं नाही. घरी पोचेपर्यंत माझं बोट दुखायला लागलं होतं.

तेव्हापासून माझ्या कानाला एक सवय लागली. आवाज आहे म्हणजे जीव आहे. आत्यांचा कान नेमका उलटा, गप आहे म्हणजे सुख आहे. एकाच अंगणात वर्षानुवर्षं आम्ही दोघी अशा दोन कानांनी राहिलो, आणि त्यात काही धोका आहे असं आम्हा दोघींनाही वाटलं नाही.

पिल्लं मोठी झाली तशी आत्यांची थट्टा सुरू झाली. माझ्या कोंबड्या दिवसभर मळ्यात फिरायच्या खऱ्या, पण दाण्याची वेळ झाली की सगळं सोडून ओट्याशी येऊन उभ्या राहायच्या. "आल्या बघ तुझ्या सातपूरवाल्या," आत्या म्हणायच्या. "भोंगा झाला, आता डबा उघडा त्यांचा." नाव पडलं ते पडलंच. आत्यांच्या त्या गावरान आणि माझ्या त्या सातपूरवाल्या. वर घारीची सावली फिरली की गावरान कोंबड्या झेंडूत अशा गडप व्हायच्या की पीसही दिसायचं नाही. सातपूरवाल्या मान वाकडी करून वर बघत राहायच्या, काय आलंय ते नीट बघून घ्यावं म्हणून. संध्याकाळी गावरान फडफडत लिंबावर गेल्या की ह्या खाली उभ्या राहून वर बघायच्या. एकदोघींनी उडी मारून बघितली आणि धपकन खाली आल्या. आत्यांना हसू आवरायचं नाही. मला त्यांची दया यायची आणि आत्यांचा राग यायचा. मग मी म्हणायचे, "तुमच्या अंडी कुठे घालतात ते शोधायलाच माझा अर्धा दिवस जातो, ते नाही दिसत." आत्या म्हणायच्या, "शोधावं लागतं तेच खरं अंडं."

या थट्टेत पहिला खडा पडला तो ह्यांच्या दोस्तामुळे. सातपूरला ह्यांच्याच खात्यात तो होता आणि त्याला घरचा कोंबडा हवा होता. ह्यांनी माझा एक मोठा कोंबडा घेतला, पाय सुतळीनं बांधले आणि स्कूटरच्या हँडलला उलटा टांगला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्याकडे कोंबडी अशीच जाते. बाजारात, यात्रेला, पाहुण्याकडे, सायकलच्या हँडलला डोकं खाली. गावरान कोंबडी तशी जाते, पोचल्यावर पाय सोडले की दोन पावलं लंगडते, अंग झटकते आणि दाणे टिपायला लागते. माझा कोंबडा मळ्यापासून सातपूरपर्यंत उलटा गेला. पोचला तेव्हा चोच उघडी होती आणि जीव नव्हता.

हे संध्याकाळी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. आत्या नेहमीच्या सवयीनं बोलून गेल्या, "ड्युटी झेपली नाय वाटतं त्याला." मी ताट आपटलं. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर तो एवढा जड देह सुतळीवर लोंबकळत होता, स्वतःचंच मांस स्वतःच्या छातीवर घेऊन. नंतर दवाखान्यात विचारलं, तर तिथेही तेच सांगितलं. अंगात भार असलेल्या कोंबडीला उलटं धरलं की तिला श्वास घेणं जड जातं. गावरान हलकी, तिला निभतं. मी घरात जाहीर केलं, यापुढे या मळ्यातली एकही कोंबडी पाय बांधून जाणार नाही, माझी नाही आणि तुमचीही नाही. आत्या पुटपुटल्या, "आमच्यांना काय धाड भरलीय," पण ताट आपटलेलं त्यांनी पाहिलं होतं. नियम झाला.

मग दोन हजार साल उलटलं आणि आमच्या मळ्याच्या कडेनं प्लॉट पडायला लागले. आधी चुन्याच्या रेघा दिसल्या, मग पत्र्याच्या शेड, मग एक अख्खी इमारत. इमारतीतले लोक झेंडू आणि ताजी मेथी घ्यायला हसत यायचे आणि पहाटेच्या बांगेबद्दल कपाळाला आठ्या घालून यायचे. एक साहेब म्हणाले, "तो तुमचा कोंबडा नीट पूर्ण तरी ओरडत नाही हो, अर्ध्यात थांबतो. बाकीच्या अर्ध्याची वाट बघत झोपच लागत नाही." आत्यांनी त्यांना त्या दिवशी भाजी दिली नाही. पण शेवटी आमच्याच घरात वाटण्या झाल्या, विहिरीकडचा तुकडा दिरांकडे गेला आणि त्यांनी तो विकला. लिंब त्या तुकड्यात होता. सपाटीकरणाला यंत्र येणार म्हणून निरोप आला, त्याच दिवशी ठरलं की कोंबड्या हलवायच्या. माझा भाऊ पिंपळगावला बागेच्या कडेला जागा द्यायला तयार होता. तिथे झाडं होती, उकिरडा होता, शेजारी कुणी नव्हतं.

आत्यांनी होकार दिला, पण त्या रात्री जेवल्या नाहीत. तो कळप हे त्यांच्या माहेराचं शेवटचं उरलेलं होतं. आई-वडील गेले होते, भाऊ दुरावले होते. मला म्हणाल्या, "सगळ्या जित्त्या पोचल्या पायजेत, बाई. एक बी मधी जायला नको." मी म्हटलं, "पोचतील." मी असं काही सहज म्हणणारी बाई नाही. म्हटलं खरं, पण आता मला दोन कळपांची काळजी होती, आणि त्या दोन कळपांच्या तऱ्हा निराळ्या होत्या.

आमच्या भाजीचाच टेम्पो ठरवला. एवढ्या कोंबड्यांना पुरतील इतकी डाली कुणाकडेच नव्हती. टेम्पोच्या हौद्यात गवत अंथरायचं आणि सगळ्यांना मोकळंच सोडायचं असं ठरलं. आत्या म्हणाल्या, "माझ्यांचे पाय बांधू. नायतर पयल्याच वळणाला उडतील." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, आडव्या बांधून टाकल्या तरी जडांच्या पायाखाली चेंगरतील. बराच वेळ आम्ही हमरीतुमरीवर होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "मग झाकायच्या. वरून ताडपत्री, चारी बाजूंनी आवळून. झाकलं की गप होतात." मी मान्य केलं. पाय बांधायचे नाहीत हे माझं राहिलं, झाकायच्या हे त्यांचं राहिलं. दोघींना वाटलं आपण जिंकलो.

वैशाख होता, म्हणून पहाटेच निघायचं ठरवलं होतं. हे पहिल्या शिफ्टला जायच्या आधी लिंबावर चढले आणि झोपेतल्या गावरान कोंबड्या एकेक करून खाली दिल्या. आत्या खाली पदर पसरून उभ्या होत्या. प्रत्येकीला पोटाशी धरून त्या चाऱ्याच्या खोलीत सोडत होत्या. माझ्या सातपूरवाल्या स्वतःच चालत आल्या, दाणे मिळतील म्हणून. सगळी तयारी झाली आणि टेम्पोचा पत्ता नाही. टेम्पोवाला कुणाचा तरी माल घेऊन बाजारात गेला होता. तो आला तेव्हा अंगणातल्या फरशीला चटके बसत होते. मी म्हटलं, "आज नको, उद्या जाऊ." पण उद्या यंत्र येणार होतं, आणि खोलीत कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचायला लागल्या होत्या. ताडपत्री आवळली. गाठी आत्यांनी स्वतः मारल्या. आम्ही दोघी टेम्पोवाल्याशेजारी केबिनमध्ये बसलो.

आडगाव नाक्यापर्यंत मागून नुसता गोंधळ ऐकू येत होता. गावरान किंचाळत होत्या, माझ्या जड आवाजात कुरकुरत होत्या, आणि मी तो आवाज प्रसादासारखा झेलत होते. आत्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "केवढा गलका गं." ओझर गेलं. टेम्पो पळत होता, ताडपत्रीच्या फटींतून वारा आत जात असणार, मी स्वतःला समजावत होते. टेम्पोवाला म्हणाला, "वैनी, जरा मोकळा श्वास घ्या, आलंच आता पिंपळगाव." मी मोकळा श्वास घेतला आणि टेम्पो थांबला.

पुढे कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती. उन्हाळी कांद्याचा जोर होता. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, टेम्पो, सगळे बाजार समितीकडे निघालेले, आणि त्यातल्या एका ट्रॉलीचं चाक निखळून ती रस्त्यात आडवी झालेली. रस्ता तेव्हा दुपदरीच होता. ना पुढे, ना मागे. ऊन डोक्यावर आलं होतं. लोक गाड्यांच्या सावलीत बसून तंबाखू मळत होते. आमच्या टेम्पोला सावली नव्हती.

मला किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मी फक्त ऐकत होते. आधी किंचाळणं थांबलं. मग कुरकुर थांबली. मागून काहीच येईना. आत्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाल्या, "बघ, झाल्या ना गप. उगा जिवाला घोर लावून घेतीस."

मी दार ढकललं. मी खाली उतरले, मागच्या चाकावर पाय ठेवून वर चढले आणि ताडपत्रीच्या कडेखाली हात घातला. आतून आली ती भाताच्या पातेल्याचं झाकण काढल्यावर येते तशी वाफ. मी कड वितभर उचलली. माझ्या सातपूरवाल्या गवतावर पसरल्या होत्या, पंख अंगापासून लांब, चोची उघड्या, गळे धापा टाकत होते. फळीला टेकलेल्या दोघीतिघींचे गळे हलतही नव्हते. पुढच्या कोपऱ्यात आत्यांच्या गावरान दाटीनं बसल्या होत्या. त्याही गप होत्या, पण त्यांचे डोळे टक्क उघडे होते आणि माना ताठ. त्या सुखी नव्हत्या, लपल्या होत्या. उजेड दिसताच त्यातली एक माझ्या फटीकडे अशी झेपावली की मी घाबरून कड खाली टाकली.

आणि तिथे, चाकावर उभी राहून, मला कळलं की आम्ही काय करून ठेवलं होतं. उघडलं तर आत्यांच्या जाणार, झाकलं तर माझ्या मरणार. पाय बांधले असते तर उघडता आलं असतं. मी पुन्हा कड उचलली, आत वाकून एका गावरान कोंबडीला धरायला गेले, तर सगळ्या भेदरून पडलेल्या जडांच्या अंगावर नाचायला लागल्या. टेम्पोतल्या कॅनमधलं पाणी ओतलं, तर तेही कढत झालेलं. मला रडू यायला लागलं. ताडपत्री माझ्या मुठीत होती आणि मला ती ना वर करवत होती, ना खाली सोडवत होती. एक बी मधी जायला नको, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मी पोचतील म्हटलं होतं.

मी हाक मारली, "आत्या!"

त्यांचे गुडघे गेलेले होते. टेम्पोवाल्याच्या खांद्याला धरून त्या उतरल्या, चाकाशी आल्या, आणि कशाबशा वर चढल्या. मी कड उचलून धरली. त्यांनी आधी आपल्या कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्या कोंबड्यांकडे. बघतच राहिल्या. मला त्यांच्याकडून जे हवं होतं ते मागायची माझी हिंमत नव्हती.

त्यांनी गाठीला हात घातला. त्यांनीच मारलेली गाठ, घट्ट बसली होती. ती त्यांनी दातांनी सोडवली. मग माझ्यावर ओरडल्या, "बघतीस काय नुस्ती? वढ तिकडून!"

आम्ही दोघींनी ताडपत्री ओढली. पहिल्यांदा उडाला तो कोंबडा. टेम्पोच्या फळीवर क्षणभर टेकला, तिथून कांद्याच्या ट्रॉलीवर गेला, तिथून पलीकडच्या द्राक्षबागेच्या तारांवरून आत. त्याच्यामागे एकामागून एक सगळ्या. रस्त्यावरची माणसं हसत, आरडत उठली, काही पकडायला धावली. आत्या चाकावरून ओरडत होत्या, "धरू नका! कुणी धरू नका रे, गाडीखाली येतील त्या!" मग तेही थांबलं. बागेच्या नव्या फुटव्यांत शेवटचा तांबूस ठिपका शिरला आणि दिसेनासा झाला.

आत्यांनी त्या दिशेला दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्या हौद्यात उतरल्या, गोणपाट उचललं आणि माझ्या सातपूरवाल्यांना वारा घालायला लागल्या. एकीची मान त्यांनी तळहातावर धरली होती आणि म्हणत होत्या, "घे गं, श्वास घे, घे माझे बाई." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या एकाही कोंबडीला कधी हात लावला नव्हता.

रांग हलली आणि आम्ही भावाच्या बागेत पोचलो, तेव्हा काही मेल्या होत्या आणि बऱ्याचशा वाचल्या होत्या. वाचलेल्यांना वेलींखालच्या गार मातीत सोडलं. आत्या बांधावर उभ्या राहून, ज्या बाजूला गावरान गेल्या होत्या त्या बाजूला तोंड करून, "तीऽ तीऽ तीऽ" अशी साद घालत राहिल्या. एकही आली नाही. माझा भाऊ म्हणाला, "मावशी, आज राहा इथं. सकाळी शोधू." पण आत्या जुन्या वळणाच्या. सुनेच्या माहेरी पाणी प्यावं, मुक्काम करू नये. आम्ही संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. रस्ताभर त्या गप होत्या.

पुढेही गपच राहिल्या. लिंब पडला त्या दिवशी बाजारात निघून गेल्या. संध्याकाळी कोंबड्या झाकल्या का, असं कुणी विचारायचं कारण उरलं नव्हतं. हे म्हणाले, "आईला जरा एकटं राहू दे, शांत झालीय ती." दिरांनीही तेच सांगितलं. मला मात्र घरातली ती शांतता सहन होईना. कुणी गप आहे म्हणजे बरं आहे, हे मला आता कुणी सांगू नये. मी एक दिवस मेथी निवडता निवडता जुडी खाली ठेवली आणि सरळ म्हटलं, "आत्या, बोला. शिव्या द्या हवं तर. पाय बांधू दिले असते तर तुमच्या असत्या आज."

त्यांनीही हातातली मेथी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तू बघितलंस ना? कसा उडाला तो? ट्रॉलीवरून डायरेक तारेवर!" हातानं त्यांनी ती झेप दाखवली. तोंडावर हसू होतं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मीही रडले. मेथी तशीच पडली.

पावसाळा सरताना भावाचा फोन आला. बागेच्या मागच्या अंगाला, ओढ्याकडच्या झाडीत, पहाटे एक कोंबडा आरवतो म्हणाला. दिसत नाही, हाती लागत नाही. "कसा आरवतो?" मी विचारलं. तो म्हणाला, "कसा म्हणजे? कोंबड्यासारखा." माझ्या भावाचा कान असाच आहे. मी आत्यांना सांगितलं तेव्हा माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. दुसराच कुणाचा निघाला तर? आत्या मात्र पिशवी भरायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "पहाटे ऐकायचं तर मुक्काम करावा लागेल." त्या म्हणाल्या, "मग करू की. व्याह्याचं घर काय खातंय व्हय मला?"

त्या पहाटे आम्ही दोघी माझ्या माहेरच्या ओट्यावर बसलो होतो. थंडी पडायला लागली होती. माझ्या सातपूरवाल्यांचे दोन कोंबडे खुराड्यात जाड आवाजात आरवून मोकळे झाले. मग सगळं गप झालं. आत्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी मनात म्हणत होते, आता काहीतरी वाजू दे, काहीही.

ओढ्याकडून बांग आली. वर गेली, आणखी वर गेली, आणि मधेच तुटली.

"हाय," आत्या म्हणाल्या.

त्यांचं अंग थरथरत होतं. मला वाटलं थंडीनं. मी माझी शाल काढून त्यांच्या डोक्यावरून, कानांवरून नीट लपेटायला गेले. त्यांनी ती हातानं बाजूला सारली.

"झाकू नको गं," त्या म्हणाल्या. "ऐकू येत नाय."